‘नॉर्मल’ म्हणजे काय? थायरॉईडच्या अहवालाचे परीक्षण

परीक्षण म्हटले की पुस्तक किंवा नाटक डोळ्यांसमोर येते. आज ज्याचे परीक्षण करायचे आहे तो एक पानी कागद आहे. त्याला लेखक नाही, मजकूर जेमतेम दहा ओळींचा. पण वाचकसंख्या अशी, की कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा. हा कागद म्हणजे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेचा ‘थायरॉईड प्रोफाइल’. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी रक्त काढले जाते, नमुना पुष्कळदा मोठ्या शहरात जातो आणि एक-दोन दिवसांत अहवाल हाती येतो, आता बहुधा मोबाइलवरच. त्यात तीन ओळी असतात : टी-३, टी-४ आणि टीएसएच. प्रत्येकीपुढे एक आकडा, त्याचे एकक आणि शेवटच्या रकान्यात ‘नॉर्मल रेंज’.

आकडा या रेंजबाहेर गेला तर पुढे काय करायचे ते डॉक्टरांना ठाऊक असते. खरी पंचाईत आकडा रेंजमध्ये असतो तेव्हा होते. समजा, चाळिशीतल्या एक शिक्षिका आहेत. शेवटच्या तासाला उभे राहवत नाही, केस गळतात, थंडी सोसत नाही, वजन वाढले आहे. टीएसएच आला ३.१. सगळे नॉर्मल! आता दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक, ‘तुम्हाला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत.’ दुसरा, ‘या तपासण्यांवर विश्वास ठेवू नका, लक्षणे थायरॉईडचीच आहेत, गोळी सुरू करा.’ माझ्या मते हे दोन्ही सल्ले एकाच चुकीच्या वाचनातून निघतात, आणि त्या चुकीला कागदाची मांडणी बऱ्याच अंशी जबाबदार आहे.

आधी कागदाच्या जमेची बाजू पाहू. टीएसएच हे संप्रेरक थायरॉईड ग्रंथी तयार करत नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येते. गावच्या पाण्याच्या टाकीवर एक माणूस बसवला आहे आणि पातळी उतरली की तो खालच्या पंपवाल्याला हाक मारतो, अशी कल्पना करा. टाकीतले पाणी म्हणजे टी-४ आणि हाक म्हणजे टीएसएच. यातली गंमत अशी की, पाणी थोडे उतरले तर हाक थोडी मोठी होत नाही, ती फार मोठी होते. रक्तातला मुक्त टी-४ निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही. तो कित्येक पटींनी, पुष्कळदा दहा पटींहूनही अधिक वाढतो. गणिताच्या शिक्षकांना हे लॉगॅरिथमचे नाते म्हणून सांगता येईल. म्हणूनच टी-४ अजून रेंजमध्ये असतानाही टीएसएच वर गेलेला दिसतो. इतकी संवेदनशील चाचणी शांत असेल, तर तो साधासुधा पुरावा नव्हे.

ही संवेदनशीलता कष्टाने मिळालेली आहे. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास किरणोत्सारी अणूंची खूण लावून रक्तातील अत्यल्प संप्रेरके मोजण्याची पद्धत बसवली. यॅलो यांना त्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. आपल्याकडे मुंबईत परळला १९६३ मध्ये अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि थायरॉईडच्या आजारांवरचे पुष्कळ काम तिथे झाले. सुरुवातीच्या टीएसएच चाचण्यांना कमी आणि सर्वसाधारण यांतला फरकही कळत नसे. आजची चाचणी त्यांच्यापेक्षा शंभरपट बारीक मोजते.

आता शेवटचा रकाना. टीएसएचची रेंज साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी छापलेली असते. ही ठरवतात कशी? निरोगी मानलेल्या बऱ्याच लोकांचे रक्त तपासायचे, आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून द्यायचे. उरलेले ९५ टक्के म्हणजे ‘नॉर्मल’. म्हणजे व्याख्येनेच दर वीस निरोगी माणसांतला एक बाहेर पडतो. वीस स्वतंत्र चाचण्यांचे ‘पॅकेज’ केले तर सगळे आकडे रेंजमध्ये येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. शंभर धडधाकट माणसांतल्या चौसष्टांच्या अहवालात कुठेतरी एखादा आकडा ठळक छापून येणार! (प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे आकडा थोडा कमी होईल.) दहावीच्या संभाव्यतेच्या धड्याला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

थोडक्यात, ‘नॉर्मल’ हे गर्दीचे वर्णन आहे. या बाईंना बरे वाटते आहे की नाही, याबद्दल तो शब्द काही बोलत नाही. कागदाचा पहिला दोष हाच, की लोकसंख्येचे वर्णन करणाऱ्या रकान्याला त्याने माणसाच्या प्रकृतीचा दाखला वाटेल असे नाव दिले. ‘संदर्भ-मर्यादा’ असा शब्द काही प्रयोगशाळा वापरतात. तो रुक्ष आहे, पण प्रामाणिक आहे.

इथे दुसऱ्या सल्ल्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा येतो, तो टाळून चालणार नाही. डेन्मार्कमध्ये सोळा निरोगी पुरुषांची थायरॉईड तपासणी वर्षभर दर महिन्याला केली गेली. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकाचे आकडे स्वतःच्या एका अरुंद पट्ट्यात फिरत होते, आणि तो पट्टा गटाच्या रेंजच्या साधारण निम्माच रुंद होता. हे वर्गात करून पाहता येते. चाळीस मुलांनी प्रार्थनेनंतर शांत बसून दहा दिवस नाडी मोजावी. वर्गाची रेंज काढावी आणि प्रत्येकाची स्वतःची काढावी. एखाद्याची नाडी नेहमी ६८ च्या आसपास असेल आणि एके दिवशी ८८ झाली, तर ती वर्गाच्या रेंजमध्ये असेल, पण त्याच्यासाठी ती वेगळी आहे. मग आपल्या शिक्षिकाबाईंचा टीएसएच आधी १.२ असेल आणि आता ३.१ झाला असेल तर?

शंका रास्त आहे, आणि ती तपासलीही गेली आहे. स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी थायरॉईड कमतरतेची लक्षणे असलेल्या, पण चाचण्या रेंजमध्ये असलेल्या पंचवीस जणांना बारा आठवडे थायरॉक्सिन आणि बारा आठवडे दिसायला तशीच निष्क्रिय गोळी दिली. कोणती कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. थायरॉक्सिन निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. बरे वाटले ते निष्क्रिय गोळीनेही वाटले. पुढे २०१७ मध्ये, टीएसएच किंचित वाढलेल्या ६५ वर्षांवरील ७३७ युरोपीय लोकांवरही असाच प्रयोग झाला. त्यांच्याही थकव्यात फरक पडला नाही. पंचवीस ही संख्या लहान आहे हे खरे. पण ‘रेंज विसरा, गोळी घ्या’ म्हणणाऱ्यांकडे एवढाही पुरावा नाही. शिवाय गोळी विनाकारण जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात.

कागदाचा दुसरा दोष त्याने न विचारलेल्या प्रश्नांत आहे. रक्त किती वाजता काढले? टीएसएच रात्री व पहाटे वर असतो, दुपारी उतरतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? मोठ्या मात्रेतले बायोटिन काही चाचणीपद्धतींना फसवते. गरोदरपण आहे का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? तसे असेल तर रक्तात टी-४ ला धरून ठेवणारे प्रथिन वाढते आणि नेहमीच्या प्रोफाइलमधला ‘एकूण टी-४’ विनाकारण वर दिसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, टाकीवरचा माणूसच आजारी असेल तर? बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्यावर पीयूषिका ग्रंथीला इजा होऊ शकते. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचे वर्णन केले. अशा बाईला दूध येत नाही, पाळी पुन्हा सुरू होत नाही, वर्षानुवर्षे थकवा राहतो, आणि टीएसएच मात्र नॉर्मल दिसू शकतो! टी-४ कमी असतानाही हाक वाढत नाही, कारण हाक मारणाराच उरलेला नाही. निदान आमच्या भागात, जिथे आजच्या पन्नाशीतल्या अनेक बायकांची बाळंतपणे घरी झाली, तिथे हा एक प्रश्न तोंडी विचारायलाच हवा. अशा वेळी केवळ टीएसएचवर न थांबता मुक्त टी-४ पाहावा लागतो.

या कागदातले सर्वांत चांगले वाक्य तळाशी, सर्वांत बारीक अक्षरांत असते : निष्कर्ष लक्षणांशी ताडून पाहावेत. ते मथळ्यात यायला हवे होते.

ताडून पाहायचे म्हणजे काय? टीएसएच आणि मुक्त टी-४ दोन्ही ठीक असतील, तर कागदाने एका प्रश्नाचे उत्तर दिले : कारण बहुधा थायरॉईड नाही. थकवा खराच आहे. त्याचे कारण दुसरीकडे शोधायचे. शाळेत थायरॉईड म्हणजे गलगंड आणि आयोडीन एवढेच आपण शिकवतो, आणि बाजारात थायरॉईड म्हणजे प्रत्येक थकव्याचे नाव झाले आहे. मुंबई, गोवा धरून आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांच्या पाहणीत (प्रसिद्धी २०१३) थायरॉईड कमतरता सुमारे अकरा टक्क्यांत आढळली. हा आकडा थोडा नाही, पण ती सगळी शहरे होती. त्यात जिंतूरसारखे एकही गाव नव्हते. त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. थकवा, केस गळणे, थंडी न सोसणे, धाप ही सगळी लक्षणे लोहाच्या कमतरतेचीही आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता, मधुमेह, रात्रीची मोडलेली झोप, पाळी जाण्याचा काळ आणि नैराश्य ही यादीतली पुढची नावे. नैराश्य म्हणजे ‘मनाचे खेळ’ नव्हेत, तोही उपचार करण्याजोगा आजार आहे.

शिक्षिकाबाईंनी जो प्रोफाइल केला, त्यात हिमोग्लोबिनचा रकाना नसतो. ती तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.