मोजणी कोणत्या भाषेत?

मापनशास्त्राच्या पहिल्या तासाला मी एक गोष्ट हमखास सांगतो. काटा मुळातच शून्यावर नसेल, तर दहा वेळा वजन करा, दहाही वेळा तीच चूक येईल. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाचताना मला तो काटा आठवतो.

कायदा मोठा आहे, यात शंका नाही. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, यात 21 आहेत. सिकलसेल आहे, स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. प्रमाणपत्राचे 2017 चे नियम स्थलांतरिताला अगदीच विसरलेले नाहीत. राहत्या जिल्ह्यात अर्ज करा, नाहीतर उपचार घेत असाल त्या सरकारी रुग्णालयात करा, असे ते म्हणतात. पत्त्याची अडचण थोडी तरी ओळखली गेली. भाषेची नाही.

तिरुवैयारु घ्या. कावेरीकाठच्या या तमिळ गावात त्यागराज तेलुगूत रचना करत होते, तेव्हा तंजावरच्या गादीवर मराठे होते. आता या खोऱ्यात भातलावणीला बंगाल-बिहारचे मजूर येतात. समजा, त्यांच्यातल्या आठ वर्षांच्या एका मुलाला वाचता येत नाही. त्याला अध्ययन अक्षमता आहे, की नुसती तमिळ येत नाही? हे ठरवायला चाचणी त्याच्या भाषेत हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' ही वाचन-अक्षमतेची चाचणी प्रथम हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत केली. काम मोलाचे आहे. पण मराठी चाचणी आली म्हणून महाराष्ट्राचे भागले, असे समजू नका. धडगावच्या पावरी बोलणाऱ्या मुलीला मराठी शाळेतच भेटते. इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. एक तर धडधाकट मूल अक्षम ठरते. नाहीतर खरी अक्षमता 'मराठी कच्चे आहे' म्हणून झाकली जाते. दुसरी चूक मला जास्त वाईट वाटते, कारण तिची कुठे नोंदच होत नाही.

कॅलिफोर्नियात 1970 साली 'डायना' नावाने ओळखला जाणारा खटला झाला. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी बुद्धिमापनावरून मतिमंदांच्या वर्गात बसवले होते. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांची जागा त्या वर्गात नव्हतीच. मुलाच्या भाषेत तपासणी करण्याची अट अमेरिकेच्या 1975 च्या कायद्यात आली.

आपल्या कायद्यातही भाषा हा शब्द आहे. कलम 16 अंध आणि कर्णबधिर मुलांना योग्य भाषेत शिकवा, असे सांगते, ते हवेच. पण डोळे-कान ठीक असूनही भाषेपाशी अडलेले मूल त्या कलमात बसत नाही. 2017 च्या नियमांतला अर्जाचा नमुना स्वतः उघडून पाहा. नाव, जन्मतारीख, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, अंगावरची ओळखखूण, सगळे विचारले आहे. घरी कोणती भाषा बोलता, याचा रकाना नाही.