नांवाचा अभिमान आणि रोगाचा विसर

पाटससारख्या गांवाहून कठीण दुखण्याचा रोगी पुण्यामुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत नेतांना घरच्या मंडळींची एक श्रद्धा असते, कीं तेथें गेलें म्हणजे रामबाण औषध मिळेलच. ह्या श्रद्धेस धक्का देणारे दोन शास्त्रीय निबंध इ. स. २०१० मध्यें प्रसिद्ध झाले. पैकीं एकावर देशभर गहजब उडाला. दुसऱ्याचा सामान्य वाचकांत फारसा बोलबालाही झाला नाहीं. आमच्या मतें हा न्याय उलटा झाला.

पहिला निबंध मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टरांचा. तो मार्चमध्यें भारतीय वैद्यकतज्ज्ञांच्या संघाच्या नियतकालिकांत आला. रुग्णालयांत जडणाऱ्या चिवट जंतूंवर 'कार्बापेनेम' वर्गाचीं औषधें शेवटचा उपाय म्हणून राखलेलीं असतात. त्यांना न जुमानणारे २४ नमुने ह्या डॉक्टरांनीं तपासले, तों २२ नमुन्यांत 'एनडीएम-१' नामक जनुक आढळलें. हें जनुक औषधाचा रेणूच फोडणारें द्रव्य जंतूकडून तयार करवितें. त्याहून चिंतेची गोष्ट अशी, कीं तें बहुधा 'प्लास्मिड' नांवाच्या सुट्या वलयावर असतें, आणि एका जातीचा जंतु तें दुसऱ्या जातीच्या जंतूस देऊं शकतो. मनुष्यांत वारसा बापाकडून मुलाकडे जातो. येथें तो शेजाऱ्याकडून शेजाऱ्यासही मिळतो. आपल्याच रुग्णालयांत आढळलेली गोष्ट आडपडदा न ठेवतां सांगणें, हा ह्या छोट्या लेखाचा मोठा गुण होय.

दुसरा निबंध ऑगस्टमध्यें 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक मासिकांत आला. कार्तिकेयन् कुमारसामी व त्यांचे सहकारी यांनीं चेन्नई, हरियाणा, ब्रिटन इत्यादि ठिकाणच्या जंतूंत तेंच जनुक दाखविलें. ह्याची व्याप्ति पहिल्याहून मोठी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु शस्त्रक्रियेसाठीं भारतांत जाण्याविषयीं त्यांत दिलेला इशारा पुराव्याच्या पुढें धांवणारा वाटतो. नांवाचेंही तसेंच. स्वीडनमध्यें तपासलेल्या एका रुग्णानें पूर्वीं दिल्लींत उपचार घेतले होते, म्हणून २००९ सालीं ह्या जनुकाच्या नांवांत नवी दिल्ली शिरली. राजधानीचें नांव असें जोडलेलें पाहून राग येणें स्वाभाविक आहे.

पण रागाच्या भरांत झालें काय? वृत्तपत्रें व सरकार नांवाशीं भांडूं लागलीं, आणि जंतु बाजूस राहिला. रोग रेड्यास आणि डाग पखालीस, त्यांतलाच हा प्रकार. परकीयांनीं आकसानें लिहिलें म्हणावें, तर निबंधाचे पहिले लेखक मद्रास विद्यापीठाचे. आणि पांच महिने आधीं मुंबईच्या डॉक्टरांनीं आपण होऊन तेंच सांगितलें होतें!

पुढें १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूची अमलांत आली, आणि तींतील प्रतिजैविकें विकतांना डॉक्टरचें व रोग्याचें नांव वहींत नोंदणें दुकानदारास बंधनकारक झालें. नियम चांगला आहे. पण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारे हात धुतलेले नसतील, तर वही काय करील? आणि चिठ्ठीवांचून गोळ्या मागणारें गिऱ्हाईक तरी आपल्याच घरचें असतें ना? नांवासाठीं रागावणाऱ्यांपेक्षां वेळेवर खरें बोलणाऱ्या ह्या मुंबईच्या डॉक्टरांनींच देशाचें नांव राखलें, असें आम्ही समजतों.