झेब्रा, उंदीर आणि पंगतीतले रागावणे

शिक्षकांच्या मेळाव्यात एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो: ताणामुळे मुलांच्या मेंदूतल्या पेशी मरतात, हे खरे का? विचारणाऱ्याला आम्ही रॉबर्ट सापोल्स्की यांचे 'व्हाय झेब्राज डोन्ट गेट अल्सर्स' हे इंग्रजी पुस्तक वाचायला सुचवतो. ते १९९४ साली निघाले आणि २००४ साली त्याची तिसरी आवृत्ती आली. पुस्तक उत्तम आहे, पण शिक्षकाने ते थोडे सावधपणे वाचावे, म्हणून हे टिपण.

मूळ कल्पना सोपी आहे. सिंह मागे लागला की झेब्र्याची अनुकंपी चेतासंस्था जागी होते, हृदय जोरात धडधडते, अधिवृक्क ग्रंथीतून संप्रेरके रक्तात उतरतात. पचन, वाढ, शरीराची डागडुजी ही 'उद्या केली तरी चालतील' अशी कामे थांबतात. झेब्रा वाचला, तर थोड्याच वेळात सारे पूर्ववत होते. माणसाच्या बाबतीत सिंह नसतानाही ही यंत्रणा महिनोन्‌महिने चालू राहू शकते, आणि मग तीच अपाय करते. लहान मुलाचे तर 'उद्याचे काम' म्हणजे वाढणे हेच असते!

पुस्तकाचे सहावे प्रकरण याच विषयावर आहे आणि त्यातील एक हकिकत आमच्या मते साऱ्या पुस्तकाचा कळस आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश आहारशास्त्रज्ञ एल्सी विडोसन जर्मनीतील दोन अनाथालयांतील मुलांचे वजन व उंची नियमाने मोजत होत्या. पहिले सहा महिने दोन्हीकडे शिधा सारखाच होता, तरी एकीकडची मुले नीट वाढेनात. तेथील पर्यवेक्षिका फ्रॉइलाइन श्वार्त्झ कडक होत्या. त्या नेमक्या जेवणाच्या वेळी मुलांना चारचौघांत फैलावर घेत. पुढे योगायोगाने त्यांची बदली दुसऱ्या अनाथालयात झाली, आणि त्याच सुमारास तेथील मुलांना प्रयोगासाठी जादा पाव, जॅम व संत्र्याचा रस मिळू लागला. तरीही ती मुले मागे पडली. श्वार्त्झबाई जेथून गेल्या, तेथील मुले जुन्याच शिध्यावर भराभर वाढू लागली. बाईंची आठ लाडकी मुले त्यांच्याबरोबर गेली होती. त्यांची वाढ मात्र छान झाली. विडोसन यांनी हे १९५१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले.

आता आमच्या हरकती. सापोल्स्की ही हकिकत वाढ-संप्रेरकाच्या विवेचनात गुंफतात. ताण दीर्घकाळ टिकला की हे संप्रेरक घटू शकते, हे इतर पुराव्यांवरून मान्य आहे. परंतु त्या मुलांच्या रक्तातील वाढ-संप्रेरक कोणी मोजले नव्हते; ते मोजण्याची खात्रीची पद्धत १९६०च्या दशकात आली. रडणारे मूल ताटातले टाकून उठते, ही साधी शक्यता उरतेच. दोन्ही कारणे एकत्रही असतील. विद्यार्थ्यांना नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

दुसरी हरकत उंदरांची. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाची हानी पुस्तकात आहे, ती मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांतून. उंदरांत दीर्घ ताणाने तेथील चेतापेशींच्या शाखा आक्रसतात, हे खरे. ताण थांबल्यावर त्या बऱ्याच अंशी पुन्हा वाढतात, हेही तितकेच खरे. पण भाषणांत हे दुसरे वाक्य गळते. आम्ही स्वतः उंदरांवर काम करतो. पिंजरा हाताळणारा माणूस बदलला तरी आमची मोजमापे बिघडतात. तेव्हा उंदरावरून थेट चौथीच्या वर्गावर उडी मारू नये.

तिसरी हरकत प्रकरणाच्या शीर्षकाला आहे. त्यात मातांचे महत्त्व सांगितले आहे. अहो, पण हकिकतीत माता आहेत कुठे? ज्या बाईंमुळे मुले खुरटली त्या आणि जिच्याकडे ती वाढली ती, दोघी पगारी पर्यवेक्षिका! सारा भार आईवर टाकून वडील, आजोबा आणि गुरुजी मोकळे सुटतात.

ताण कमी करण्याचे शेवटचे प्रकरणही मोठ्यांसाठी आहे. परिस्थितीवर ताबा, पुढे काय होणार याचा अंदाज, जवळची माणसे, असे उपाय त्यात येतात. मुलाच्या हाती यातले काय असते? त्याचा दिवस आपण ठरवतो. मिनेसोटा विद्यापीठातील मेगन गुन्नार व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तान्हेपण नुकतेच सरलेल्या मुलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजले. भित्र्या स्वभावाच्या मुलांतही, जवळच्या माणसाशी नाते भरवशाचे असेल तर नव्या प्रसंगी ते वाढत नव्हते. नाते तसे नसेल तर वाढत होते. म्हणून मुलाला श्वसनाचे व्यायाम शिकवण्याआधी पालकांनी झोपेची व जेवणाची वेळ सांभाळावी, इंजेक्शन द्यायचे असल्यास आधी सांगावे, प्रगतिपुस्तकाचा विषय ताटावर काढू नये.

आपल्या शाळांत दुपारी पोषण आहाराची पंगत बसते. गृहपाठाच्या वह्या कोणी आणल्या नाहीत, याची चौकशी पुष्कळदा तेव्हाच होते, कारण सारी मुले एका जागी सापडतात. ही चौकशी तासाभराने केली तर खिचडी किती उरते, हे एखाद्या शाळेने महिनाभर मोजून आम्हाला जरूर कळवावे.