दगडात रुजलेला बोरू

इजिप्तमधल्या सक्काऱ्याला आपण जातो ते जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड पाहायला. पण त्याच्या सहा टप्प्यांवर नजर चढण्याआधी भोवतीच्या तटापाशी क्षणभर रेंगाळावे. इसवी सनापूर्वी 2650 च्या सुमारास उभारलेला हा चुनखडीचा तट चौदा ठिकाणी दाराचा नुसता आभास दाखवतो आणि आग्नेय कोपऱ्याजवळच्या एकाच चिंचोळ्या वाटेने खरोखर आत घेतो. आपल्यासारख्या मर्त्यांना एक दार पुरे. ज्याच्या वाटेत आता भिंत उरलीच नाही, त्या राजासाठी बाकीची चौदा.

आत पाऊल टाकताच एक दगडी दार उघडून भिंतीला टेकलेले दिसते. त्याच्या फिरत्या खुंटाचा आकारही शिल्पकाराने निगुतीने कोरला आहे, पण ते भिंतीचेच अंग असल्यामुळे कधीच मिटणार नाही. पुढे दुतर्फा चाळीस स्तंभ उभे. बोरूच्या जुड्या बांधाव्यात तशा उभ्या कडांनी नटलेले, आणि पाठीमागच्या आडव्या भिंतींचा हात अजून न सोडलेले. वरच्या छताचे दगड ताडाच्या ओंडक्यांसारखे गोलाकार घडवलेले. नाईलकाठची जुनी देवघरे बोरू, लाकूड आणि चटयांची. ऊन, वाळवी आणि पूर यांना सहज बळी पडणारी. वास्तुशिल्पी इम्होतेपच्या नावाशी जोडलेल्या या वास्तूत दगडाने त्या नाशिवंत वस्तूंचे रूप अंगावर घेतले आणि त्यांना आपले आयुष्य दिले.

हाच खेळ सेद सोहळ्याच्या अंगणात अधिक खोल होतो. दीर्घ राज्यकाळानंतर राजाने सीमाचिन्हांमधून धावून आपले बळ सिद्ध करायचे आणि दक्षिण व उत्तर इजिप्तचे मुकुट नव्याने धारण करायचे, असा तो विधी. अंगणाच्या कडेची देवघरे बाहेरून डौलदार, आत मात्र बहुतांशी डबर भरून बुजवलेली. कारण तिथे वावरणारा देह अपेक्षितच नव्हता. जमिनीखालच्या दालनांत तर निळ्या-हिरव्या झिलईच्या इवल्या फरशा ओळीने बसवून भिंतीवर बोरूची चटई विणली आहे, आणि तिथल्या आभासी दारांत कोरलेला राजा आजही धावतो आहे. सोहळा एकदाच होऊन संपू नये, म्हणून त्याचे मैदान, त्याची देवघरे, त्याचा धावपटू, सारेच दगडाच्या हवाली केलेले!

शेवटी पिरॅमिडच्या उत्तर अंगाला एक बंदिस्त खोली. तिच्या किंचित कललेल्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर दोन भोके आहेत. त्यांतून डोकावले की आत बसलेला जोसर समोरासमोर भेटतो. मूळ पुतळा कैरोच्या संग्रहालयात गेल्याने हा प्रतिकृतीतला. त्याची नजर उत्तरेकडे, जिथले ध्रुवाभोवतीचे तारे कधीच मावळत नाहीत आणि इजिप्तच्या लोकांनी ज्यांना अविनाशी मानले, त्या आकाशाकडे लागलेली. पाहणारे आपण, की पाहणारा तो, असा गोड संभ्रम इथे पडतो.

गिझाची भव्यता आपल्याला दिपवते. सक्कारा मात्र ती भव्यता सुचली कशी, हे उलगडून दाखवतो. म्हणून गिझाच्या आधी सक्काऱ्याला जा, आणि पिरॅमिडइतकाच वेळ त्या न मिटणाऱ्या दाराला द्या.