शिफारस आणि समीक्षा : प्रोग्रेसिव्ह रॉकच्या रसिकचर्चेचा मराठी संगीतविचाराच्या आधारे परामर्श

प्रास्ताविक

एखाद्या संगीतप्रकारातील अभिजात कोणते आणि कालबाह्य कोणते, हे समीक्षक, संस्था आणि अभ्यासक्रम ठरवतात असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये किंग क्रिम्सन या वाद्यवृंदाची 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि पुढील पाच-सहा वर्षांत येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड, इमर्सन, लेक अँड पामर या इंग्लिश वाद्यवृंदांनी रॉक संगीताला दीर्घ रचनेची, विषम मात्रांची आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतातील बांधणीची जोड दिली. १९७६-७७ मध्ये पंक संगीत पुढे येताच हाच प्रकार भपकेबाज आणि पोकळ म्हणून हिणवला गेला. लेस्टर बँग्ज यांच्यासारख्या अमेरिकन समीक्षकांनी तर त्याआधीच त्याची यथेच्छ हेटाळणी केली होती. विद्यापीठीय अभ्यासाने त्याची गंभीर दखल घेतली ती बऱ्याच उशिरा. एडवर्ड मेकन यांचा 'रॉकिंग द क्लासिक्स' हा ग्रंथ १९९७ चा आहे.

मधल्या दोन दशकांत हे संगीत जिवंत राहिले ते श्रोत्यांमुळे, आणि श्रोत्यांचे साधन होते शिफारस. आधी हे ऐका, मग ते ऐका. या वाद्यवृंदाची अमुक मुद्रिका घ्या, नंतरची घेऊ नका. अशा शेकडो सूचनांतून एक मान्यताप्राप्त यादी तयार झाली आणि तीच आज 'क्लासिक प्रोग' म्हणून ओळखली जाते. ही शिफारस समीक्षेच्या पातळीवर कधी पोहोचते आणि कधी पोहोचत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मराठी संगीतविचाराने घडवलेली परिभाषा या कामी कितपत उपयोगी पडते, हा त्याच विचाराचा दुसरा भाग होय.

मात्रा मोजणारा रसिक

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या चाहत्यांच्या चर्चेत एक गोष्ट चटकन लक्षात येते. ती म्हणजे आकड्यांचे प्राबल्य. रचना किती मिनिटांची, किती भागांची, किती मात्रांची, हे आवर्जून सांगितले जाते. जेनेसिसच्या 'सपर्स रेडी' (१९७२) या सुमारे २३ मिनिटांच्या रचनेत ७ भाग आहेत आणि त्यांपैकी एकाच्या शीर्षकातच नऊ मात्रांचा उल्लेख आहे. पिंक फ्लॉइडचे 'मनी' (१९७३) सात मात्रांत आहे, हे तर नवख्या श्रोत्याला सांगितले जाणारे पहिले ज्ञान असते. असे सांगण्यात एक अभिमान असतो आणि त्यात एक गफलतही असते. अवघड ते श्रेष्ठ, असे समीकरण न बोलता मांडले जाते.

ताल ज्याच्या कानात लहानपणापासून मुरलेला आहे अशा श्रोत्याला सात मात्रांचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. रूपक त्याला ठाऊक असतो. परंतु म्हणून 'मनी' रूपकात आहे असे म्हणून मोकळे होणे ही दुसरी गफलत ठरेल. रूपकाच्या पहिल्याच मात्रेवर खाली असते. आवर्तन जिथे सुरू होते तिथे भार नाही, हेच त्या तालाचे सौंदर्य आहे. 'मनी'मधील बास गिटारची ओळ पहिल्या मात्रेवर ठामपणे पाय रोवते. शिवाय या गीतात सॅक्सोफोनचे एकल वादन सात मात्रांत चालते आणि गिटारचे एकल वादन सुरू होताच लय चार मात्रांवर येते. कानाला तिथे मोकळे झाल्यासारखे वाटते. गीताचा खरा परिणाम सात या आकड्यात नसून सातातून चारात येण्याच्या त्या क्षणात आहे. चाहत्याची शिफारस आकड्यापाशी थांबते तेव्हा ती माहिती असते. तो क्षण ती दाखवून देते तेव्हा तिच्यात समीक्षेचा आरंभ होतो.

किंग क्रिम्सनच्या 'स्टारलेस' (१९७४) या सुमारे १२ मिनिटांच्या रचनेबाबत हे अधिक स्पष्ट होते. रचनेचा आरंभ एका संथ, विषण्ण धुनेने होतो. जॉन वेटन यांचे गायन संपल्यावर बास गिटारवर तेरा मात्रांचा एक आकृतिबंध सुरू होतो आणि त्यावर रॉबर्ट फ्रिप गिटारवर एकच स्वर घासत राहतात. तो स्वर हळूहळू वर सरकतो, बिल ब्रुफर्ड यांचे तालवाद्यांवरील काम दाट होत जाते, ताण असह्य होतो, तेरा मात्रांची तीच मोजणी दुप्पट वेगाने धावू लागते, आणि अखेरीस आरंभीची धून पूर्ण शक्तीनिशी परत येते. विलंबित ख्यालात बढत ऐकलेल्या श्रोत्याला या प्रवासाची ओळख पटते. एका स्वरावर रेंगाळणे, पुढच्या स्वराची आस लावणे, मगच त्याला स्पर्श करणे ही क्रिया त्याच्या परिचयाची आहे. भेद आहे तो आधाराचा. ख्यालातील प्रत्येक स्वराला तानपुऱ्यातील अचल षड्जाचा संदर्भ असतो. येथे बासचा आकृतिबंधच आपली जागा बदलतो, त्यामुळे वरचा स्वर स्थिर असतानाही त्याचा अर्थ पालटतो. 'स्टारलेस ऐकाच' असे सांगणाऱ्या शंभर रसिकांपैकी बहुतेकांना हे जाणवलेले असते. सांगता येत नाही, इतकेच.

तबकडीची एक बाजू

या रचनांच्या लांबीविषयी चाहत्यांत जवळजवळ धार्मिक आदर आढळतो. त्यामागे एक साधे भौतिक कारण आहे. १९४८ साली अमेरिकेत आलेल्या लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचे संगीत मावत असे. 'एकोज' (१९७१), 'क्लोज टू द एज' (१९७२), 'सपर्स रेडी' या सर्व रचना त्या मर्यादेत बसतात. हिंदुस्थानी संगीताचे श्रोते हा इतिहास दुसऱ्या बाजूने जाणतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल आटोपावा लागे आणि लाँगप्लेने तो पुन्हा पसरू दिला. एकच तंत्र एका परंपरेला मोकळीक देते आणि दुसरीला महत्त्वाकांक्षा.

जेथ्रो टलच्या 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'ने (१९७२) तर तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच रचना केली. ही मुद्रिका संकल्पनाप्रधान मुद्रिकांचे विडंबन म्हणून योजली होती, हे तिचे कर्ते इयान अँडरसन यांनी अनेकदा सांगितले आहे. तिचे वेष्टन म्हणजे एक खोटे वृत्तपत्र आहे आणि काव्य एका कल्पित आठ वर्षांच्या मुलाच्या नावावर आहे. तरीही गंभीर उत्कृष्ट कृतींच्या याद्यांत ती अग्रभागी असते. याचा अर्थ रसिक फसले असा नाही. विडंबन उत्तम व्हायचे तर मूळ प्रकारावर प्रभुत्व लागते आणि ते येथे आहे. परंतु शिफारस करताना त्यातील हसू वगळले, तर ऐकणाऱ्याच्या हाती अर्धीच कृती पडते.

घराण्याची कसोटी

वाद्यवृंदांची तुलना हा चाहत्यांच्या चर्चेचा आवडता विषय. पिंक फ्लॉइड खरोखर प्रोग्रेसिव्ह आहे काय, १९८० नंतरचे जेनेसिस ऐकावे काय, असे वाद वर्षानुवर्षे चालतात आणि कुठेही पोहोचत नाहीत. या ठिकाणी वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या या रसिकाने घराण्यांचा विचार स्वर आणि लय या दोन टोकांमधील स्थानानुसार केला. किराणा स्वराकडे झुकलेले, आग्रा लयीकडे, तर जयपूर घराण्यात दोहोंचा तोल. ही मांडणी वादग्रस्त आहे. मात्र तिच्यात एक शिस्त आहे. आवडनिवड सांगण्याआधी ती कलावंताचे लक्ष कशावर आहे हे विचारायला लावते.

हीच कसोटी येथे लावून पाहता पिंक फ्लॉइडचे स्थान नादाच्या टोकाला दिसते. स्वराचा रंग, त्याचे विरत जाणे, दोन आवाजांमधील अवकाश यांवर त्यांची सारी भिस्त आहे. किंग क्रिम्सन आणि जेंटल जायंट लयीच्या टोकाकडे झुकतात. येसच्या 'क्लोज टू द एज'मध्ये दोहोंचा तोल साधलेला आहे. ती रचना याद्यांच्या शिरोभागी असते ती बहुधा याच कारणाने. पिंक फ्लॉइड 'प्रोग्रेसिव्ह' नाही असे म्हणणारा रसिक वास्तविक लयीच्या टोकाला उभा राहून नादाच्या टोकाचा निवाडा करत असतो. त्याला हे कुणी दाखवून दिले, तर वाद मिटणार नाही, निदान तो संगीताविषयीचा वाद होईल.

येसची एक मुद्रिका मात्र वेगळ्या कारणाने लक्ष वेधते. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' (१९७३) या दोन तबकड्यांच्या संचात प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांच्या ४ रचना आहेत. गायक जॉन अँडरसन यांना ही कल्पना परमहंस योगानंद यांच्या आत्मचरित्रातील एका तळटीपेवरून सुचली. श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र हे शास्त्रांचे चार वर्ग त्या टीपेत सांगितले आहेत. एका तळटीपेतून ऐंशी मिनिटांचे संगीत उभारण्याच्या धाडसाचे कौतुक करावे की काळजी करावी, हा प्रश्न वाद्यवृंदातही होता. कळफलकवादक रिक वेकमन यांना ही रचना रुचली नाही. एका प्रयोगात रंगमंचावरच आपण भारतीय पद्धतीची करी खाल्ली, असा किस्सा ते स्वतः सांगतात. १९७४ मध्ये ते वाद्यवृंदातून बाहेर पडले.

या मुद्रिकेचे समर्थक तिची आध्यात्मिक खोली सांगतात, विरोधक तिचा पसारा. श्रुती आणि स्मृती यांचा संबंध प्रामाण्याचा आहे, एकाने दुसऱ्याला अनुसरण्याचा आहे. तो संबंध संगीतात उतरला आहे काय, हे दोघेही विचारत नाहीत. उतरलेला नाही, असेच म्हणावे लागते. चार बाजू चार स्वतंत्र भावस्थिती म्हणून उभ्या आहेत. दुसऱ्या बाजूने पहिलीचा अर्थ लावावा, तिच्याशी बांधलेले असावे, असे काही घडत नाही. पहिल्या बाजूवरील विस्तार सुंदर आहे, चौथ्या बाजूचा शेवट हृद्य आहे. परंतु शास्त्रांची चौकट हे त्याचे कारण नव्हे. भारतीय संदर्भ आहे म्हणून भारतीय श्रोत्याने हरखून जावे, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर तो इतरांपेक्षा नेमके देऊ शकतो, तो प्रश्न त्याने विचारला पाहिजे.

नागपूरचा श्रोता

रॉजर वॉटर्स यांचा २००७ मधील कार्यक्रम असो की जेथ्रो टल आणि अनुष्का शंकर यांचा २००८ मधील, महाराष्ट्रात या संगीताचे प्रत्यक्ष प्रयोग झाले ते मुंबईत. नागपूरच्या श्रोत्यापर्यंत हे संगीत मुख्यतः ध्वनिमुद्रणातून आणि दुसऱ्या श्रोत्याच्या तोंडून पोहोचते. मुंबईच्या काळाघोडा भागातील ऱ्हिदम हाउससारखे दुकानही २०१६ मध्ये बंद झाले. आज शिफारस करण्याचे काम बव्हंशी मोबाइलवरील सेवा करतात. एक गीत संपताच त्यासारखे दुसरे सुरू होते. ते का, हे सांगितले जात नाही. कारणाविना केलेली शिफारस हा नवा प्रकार आहे आणि जुन्या चाहत्याची वेडीवाकडी, आकड्यांनी भरलेली, भांडखोर शिफारस त्याहून निश्चित मोलाची होती. तिला उलट विचारता येत असे.

रसिकांच्या पंथाभिमानाचा प्रश्न या शहराला नवा नाही. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) हे नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यातील खाँसाहेब अजरामर करणारे वसंतराव देशपांडे यांचे आरंभीचे शिक्षण नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. गायकी ही मालकीची वस्तू आहे की ऐकणाऱ्याला मिळणारा वारसा, हा त्या नाटकाचा गाभा आहे. स्वतः वसंतराव कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत मावले नाहीत, आणि त्यांचा मारवा ऐकावा असे सांगणारे रसिक तो का ऐकावा हेही सांगत आले. कोमल ऋषभाचे लावणे, षड्ज टाळून निर्माण केलेली अस्वस्थता, यांसाठी मराठीत शब्द आहेत.

'स्टारलेस'साठी तेच शब्द नुसते उचलून आणता येत नाहीत. रॉकमध्ये ज्याला 'रिफ' म्हणतात, त्याला मुखडा म्हणण्याचा मोह होतो; परंतु मुखडा समेकडे नेतो, रिफ कुठेही नेत नाही, तो फिरत राहतो. अधिक जवळचा शब्द आहे लेहरा. तबल्याच्या एकल वादनात सारंगी किंवा हार्मोनियमवर अखंड वाजणारी, आवर्तन धरून ठेवणारी ती ओळ. तिच्या आधाराने तबलावादक मुक्त होतो, जसे तेरा मात्रांच्या बासवर ब्रुफर्ड होतात. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मानल्या. त्यांपैकी संगम संगीताच्या कोटीत प्रोग्रेसिव्ह रॉक घालता येईल, आणि त्याच्या वर्णनासाठी लेहऱ्यासारखे शब्द एकेक करून पारखून घ्यावे लागतील. लेहरा आवर्तनागणिक तोच राहतो. 'स्टारलेस'मधील बासची ओळ मात्र आपले स्वरस्थान सोडून वर जाते, परत येते. त्या ओळीला लेहरा म्हणायचे झाल्यास 'सरकता लेहरा' म्हणावे लागेल, आणि असा शब्दप्रयोग एखाद्या तबलावादकासमोर केला, तर तो प्रथम आक्षेप घेईल आणि मग ती रचना ऐकायला मागेल.