स्पेक्ट्रमचा वेग कोणाचा ?

जुन्या घरगुती संगणकांविषयीं बोलतांना 'ते फार मंद होते' असा शेरा मारून मोकळें होण्याची पद्धत पडली आहे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनें गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत परवान्यानें काढलेल्या 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या संगणकासहि तो लावण्यांत येतो. आमच्या मतें हा शेरा अर्धवट आहे.

हें यंत्र कॅसेटवरून प्रोग्राम घेई तो सेकंदाला सरासरी १,३६५ बिटांच्या गतीनें. पडद्यावरील एक चित्र, म्हणजे ६,९१२ बाइट, येण्यास चाळीस सेकंद लागत. परंतु त्यांतील झेड-८० प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला पस्तीस लक्ष पडत. म्हणजे एकेका बिटामागें अडीच हजार ठोके खर्ची पडत होते! हा दोष प्रोसेसरचा नव्हे. घरोघरच्या साध्या टेपरेकॉर्डरांना झेपावी अशीच ती चाल होती.

१९८३ सालीं सिंक्लेअरनें 'इंटरफेस वन' काढला व एका तारेंतून एकामागून एक बिट पाठविण्याची, म्हणजे सीरियल जोडणीची, सोय केली. तिचा वेग १९,२०० बिटांपर्यंत जाई. मात्र बिटांची वेळ सांभाळणारी निराळी चिप तींत नाहीं. तें काम प्रोसेसरलाच करावें लागतें. या वेगास एका बिटामागें १८२ ठोके मिळतात, ५७,६०० ला साठ, आणि १,१५,२०० ला अवघे तीस. बिट पाठविणें त्या मानानें सोपें. तो घेणें कठीण. बिट आला काय हें पाहून पुन्हां पाहावयास वळेपर्यंतच वीस-पंचवीस ठोके जातात, मग तिसांतून उरणार काय ? शिवाय प्रोग्राम वरच्या ३२ किलोबाइटांतच ठेवावा लागतो, कारण खालच्या सोळांत पडदा रंगविणारी चिप प्रोसेसरला मधूनमधून थोपवून धरते. सोलापुरांत ज्यानें जेकार्ड मागावर चादर विणतांना पाहिली आहे त्यास हें समजावून देणें नको. छिद्रांचा एक पुठ्ठा धोट्याच्या फेरीशीं चुकला कीं नक्षी बिघडलीच.

म्हणून ठोके मोजून मोजून जे हौशी लोक हा वेग वाढवितात त्यांच्या कृतीस आम्ही आर्येच्या रचनेइतकाच मान देऊं. मात्रांचें बंधन पाळूनच तेथें कौशल्य दिसतें. कांहीं जण मात्र झेड-८० हून कितीतरी पटींनीं समर्थ अशी आजची चिप शेजारीं बसवितात आणि 'स्पेक्ट्रम वेगवान झाला' असें सांगतात. सोय म्हणून ती उत्तम आहे; पण दुसऱ्याकडून कविता लिहवून घेऊन खालीं आपली सही करण्यासारखा हा प्रकार झाला.

उपयोगाचाच प्रश्न असेल तर १९,२०० पुरेसे आहेत. त्या गतीनें ४८ किलोबाइटांची सारी स्मृति सव्वीस सेकंदांत दुसऱ्या संगणकावर उतरते. कपाटांत पडलेल्या, घरच्या मुलांनीं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामांच्या कॅसेटी वाचविण्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं. वेळ जातो तो आधींच्या पायरीवर. तार कितीहि वेगवान केली तरी कॅसेट आपल्याच चालीनें वाचावी लागते, आणि तिचा लेप झडला असेल तर तारेकडे पाठविण्यास कांहीं उरतच नाहीं.