सोंगाचा साक्षी : खोट्या होकाराच्या कथांविषयी

१

सत्तेपुढे मान तुकवल्याचे सोंग करून आतून तिच्याशी झुंजणारी माणसे हा कथावाङ्मयाचा फार जुना विषय आहे. मराठी वाचकाला त्याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. १६६६ मध्ये आग्र्याच्या कैदेत आजारपणाचे निमित्त करून पडून राहिलेले शिवाजीमहाराज आणि ते निसटून गेल्यावर त्यांच्या बिछान्यावर त्यांच्या जागी निजून राहिलेला हिरोजी फर्जंद ही जोडी परंपरेने जपलेली आहे. या जोडीत दुसऱ्या माणसाचे महत्त्व पहिल्याइतकेच आहे, ही गोष्ट मात्र सहसा नजरेआड होते. सोंग एकट्याने आणता येते. पण ते टिकवून धरायला, आणि वेळ आली की उतरवून ठेवायला, दुसरे कोणी लागते. ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ असे मराठी म्हण सांगते. होकाराचे सोंग आणता येते खरे. पण फार काळ एकट्याने वागवले तर ते सोंग राहते का, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी परस्परांपासून अतिशय दूरच्या दोन कलाकृती येथे शेजारी ठेवल्या आहेत. एक आहे १९९१ मध्ये प्रक्षेपित झालेली अमेरिकन दूरचित्रवाणीवरील अंतराळकथा. दुसरी, १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’. दोहोंमध्ये प्रभावाचा कसलाही संबंध नाही. साम्य आहे ते प्रसंगाच्या आंतररचनेत.

२

जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेल्या ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या पाचव्या पर्वात ‘द गेम’ नावाचा एक भाग आहे. एंटरप्राइझ या अंतराळयानावरील अधिकारी रायकर सुटीवरून परतताना एक खेळ घेऊन येतो. डोक्यावर चढवायचे छोटेसे उपकरण. डोळ्यांपुढे तरळणारे एक चित्र. डाव साधला की मेंदूला मिळणारा सुखाचा झटका. हा खेळ कोणी कोणावर लादत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. ज्याला तो आवडला तो दुसऱ्याला आग्रहाने देतो. डॉक्टर सहकाऱ्यांना देते, आई मुलापुढे धरते. पाहता पाहता सारे यान त्याच्या अधीन होते. सुखाबरोबर माणसाची विचारशक्तीही त्या खेळाने ताब्यात घेतलेली असते, आणि यान परक्यांच्या हाती देण्याचा बेत त्यामागे असतो.

वेस्ली क्रशर हा सुटीवर आलेला तरुण छात्र आणि रॉबिन लेफ्लर ही यानावरील तरुण अधिकारी, एवढे दोघेच या मोहाबाहेर राहतात. ते खेळाची तपासणी करतात, त्याचा धोका ओळखतात. वेस्ली विश्वासाने कप्तान पिकार्डकडे जातो. पण कप्तानही त्या खेळाच्या अधीन झालेला असतो. तक्रार करण्यासाठी वरची जागाच उरत नाही. तेव्हा हे दोघे खोटी उपकरणे तयार करून आपणही खेळत असल्याचे भासवू लागतात.

हा भाग फार थोर कलाकृती आहे असे म्हणण्याचे कारण नाही. त्याचा शेवट घाईने आटोपलेला आहे. तरी त्यातील एक निरीक्षण मार्मिक आहे. जुलमी माणसापुढे भीतीचे सोंग करणे तुलनेने सोपे असते, कारण भीती खरोखरच मनात असते. येथे सोंग करायचे आहे ते सुखाचे. इतरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले आहे ते आपल्या चेहऱ्यावर, ते न अनुभवता, आणायचे आहे. असे सोंग करणाऱ्याला क्षणोक्षणी स्वतःकडे बाहेरून पाहावे लागते. आणि आपण जे करतो आहोत ते खोटे आहे, ही जाणीव शाबूत ठेवण्यासाठी ती जाणीव असणारा दुसरा माणूस जवळ असावा लागतो.

कथानकही याला दुजोरा देते. रॉबिन सापडते आणि खेळाच्या अधीन होते. त्या क्षणापासून वेस्लीचे सोंग संपते, उरते ते केवळ पळणे. अखेर तो पकडला जातो आणि जबरदस्तीने त्याच्या डोळ्यांपुढे तो खेळ धरला जातो. त्याला वाचवतो तो डेटा हा यंत्रमानव, ज्याच्यावर खेळाचा परिणाम होणार नाही म्हणून कारस्थान्यांनी आधीच निकामी केले होते आणि वेस्लीने पुन्हा जागे केले होते. प्रकाशाच्या झोतांनी तो सर्वांना भानावर आणतो. म्हणजे जोडीदार गेल्यावर कथेला नवा जोडीदार आणावा लागला. एकट्याचा प्रतिकार किती काळ टिकतो, याविषयी लेखक ब्रॅनन ब्रागा यांना फारसा भरवसा नसावा.

३

विराटाची राजसभा हेही, म्हटले तर, ताब्यात गेलेले यानच आहे. येथे यंत्र नाही; पण प्रत्येकाचे मन कशाने ना कशाने बांधले गेले आहे. राजा सेनापती कीचकाच्या पराक्रमावर विसंबून आहे; राणी सुदेष्णा भावाच्या मायेने आणि धाकाने बांधलेली आहे; सभासद राजाकडे पाहतात. कीचकाने सैरंध्रीला भर सभेत लाथ मारली तरी सभा तिला न्याय देऊ शकत नाही. वेस्लीला कप्तानाच्या दालनात जो अनुभव येतो, तोच द्रौपदीला या सभेत येतो.

मात्र या सभेत आणखी काही माणसे सोंग घेऊन बसलेली आहेत, आणि व्यासांच्या कथनाची सारी ताकद त्यातून येते. अज्ञातवासाचे वर्ष संपत आले आहे. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास. भीमाची संतप्त नजर एका झाडाकडे वळते, तेव्हा कंक झालेला युधिष्ठिर त्याला सुचवतो की सरपण हवे असेल तर ते बाहेरून आणावे. सभेला त्यात आचाऱ्याला दिलेली सूचना ऐकू येते. भावाला मात्र ‘आता नाही, येथे नाही’ असे ऐकू येते. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर वाच्यार्थ सभेसाठी आणि व्यंग्यार्थ एका सहृदयासाठी. खोट्या होकाराची भाषा सदैव अशी दुपदरी असते.

त्याच प्रसंगी युधिष्ठिर द्रौपदीला म्हणतो की ती वेळ न ओळखता नटीसारखी रडते आहे. या वाक्याचा उपरोध जितका पाहावा तितका खोल जातो. त्या सभेत पांडवांपैकी प्रत्येक जण नट आहे. सोंग बाजूला पडून खरी उरली आहे ती एकटी द्रौपदी. आणि तिलाच नटी म्हटले जाते. युधिष्ठिराच्या बोलण्यातही गंधर्वांच्या मिषाने दिलेला दिलासा आहे, हे खरे. पण तो दिलासा सोंगाच्या आतूनच दिलेला आहे. या प्रसंगात कंकाचा मुखवटा एकदाही उतरत नाही. म्हणूनच त्याच्या धीराच्या उपदेशात आणि सभेच्या मुकाट्याने बसण्यात बाहेरून फरक दिसत नाही. आणि ज्या स्त्रीचा अपमान झाला तिला तो आतूनही दिसेनासा होतो.

रात्री ती पाकशाळेत जाऊन बल्लवाला उठवते. या भेटीत प्रथमच दुपदरी भाषा गळून पडते. द्रौपदी आपले दुःख सरळ शब्दांत सांगते, भीम सरळ ऐकतो. नंतरच कट ठरतो : ती कीचकाला होकार देईल, रात्रीच्या भेटीचे स्थळ सांगेल आणि तेथे तिच्या जागी भीम असेल. ज्या पुरुषाने लाथ मारली त्याच्याशी गोड बोलण्याचे बळ तिला कोठून येते, याचे उत्तर त्या पाकशाळेत आहे. तिच्या खोट्या शब्दांचा खरा अर्थ जाणणारा एक साक्षी आता जगात आहे. सोंग उतरवून ठेवण्याची जागा ज्याला मिळाली, त्यालाच ते सुखरूप पुन्हा चढवता येते.

खाडिलकरांनी हे मर्म ओळखले आणि त्याला आपल्या काळाचे वळण दिले. वधाचे स्थळ त्यांनी नर्तनशाळेतून भैरवाच्या देवळात नेले आणि त्यामुळे सूडाला अनुष्ठानाचे रूप आले. कंकभट आणि बल्लव यांच्यातील मतभेदात त्यांनी तत्कालीन मवाळ आणि जहाल राजकारणाचा वाद भरला. येथे मात्र नाटकाचा एक उणेपणाही नोंदवायला हवा. व्यासांच्या युधिष्ठिरापाशी थांबण्याचे सबळ कारण आहे. खाडिलकरांचा ओढा बल्लवाकडे असल्याने कंकाची बाजू दुबळी झाली आहे, आणि मूळ कथेत दोन धर्मांमध्ये असलेला ताण काहीसा एकेरी झाला आहे.

४

‘कीचकवधा’तील सर्वांत मोठे सोंग मात्र कथानकाबाहेर आहे. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने सरकारला प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार दिला होता. अशा काळात केसरीच्या संपादनात टिळकांचे सहकारी असलेल्या लेखकाने महाभारतातील आख्यानावर नाटक लिहावे, यापेक्षा निरुपद्रवी आज्ञाधारकपणा तो कोणता? नाटकात कोठेही इंग्रजांचे नाव नाही. महाराष्ट्र नाटक मंडळीच्या प्रयोगाला आलेला प्रेक्षक मात्र ते सर्व समजून होता. लेखक सैरंध्रीसारखा बोलत होता आणि प्रेक्षक बल्लवासारखा ऐकत होता. दोघे मिळून कायद्यापुढे पौराणिक नाटकाचे सोंग वठवीत होते.

जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधील लेखनाने हा संकेत उघड केला : कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल. त्याच महिन्यात नाटकावर बंदी आली. व्यंग्यार्थ वाच्यार्थ झाला की सोंग संपते, हा नियम येथे साहित्यशास्त्राच्या ग्रंथातून उतरून सरकारी हुकुमात आला. टिळक तेव्हा १९०८ च्या शिक्षेमुळे मंडालेच्या तुरुंगात होते. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आले. प्रेमकथेच्या आणि गाण्यांच्या आडोशाला मानधनाचा प्रश्न मांडणारे ते नाटक या दृष्टीनेही वाचण्याजोगे आहे.

तरी ‘टाइम्स’ने केलेली फोड ‘कीचकवधा’चा पूर्ण अर्थ मानणे ही वाङ्मयीन चूक ठरेल. कर्झन १९०५ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता. नाटकाचा अर्थ त्याच्यापुरताच असता तर १९०७ चा प्रेक्षक शिळ्या बातमीवर टाळ्या वाजवीत होता असे म्हणावे लागेल. प्रेक्षकाला भिडत होते ते व्यक्तिचित्र नव्हे. सर्वांनी माना डोलावलेल्या सभेत एका माणसाला दुसरा सापडतो, हा क्षण त्याला भिडत होता. तो क्षण सापडला की तिसऱ्याचीही आशा वाटू लागते, आणि प्रेक्षागृह भरलेले असते.

५

हाच प्रसंग पोथी आणि छापील नाटक यांच्याबाहेर कसा जिवंत राहिला आहे, हे पाहण्यासाठी छत्तीसगडकडे वळणे उचित ठरेल. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यामुळे हा मुलूख मराठीला अपरिचित नाही. १९५६ पर्यंत दुर्ग आणि विदर्भ एकाच प्रांतात होते. दुर्गच्या शेजारी पोलाद कारखान्याभोवती भिलाई उभी राहिली. तिच्या नेहरू नगरसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी माणसाला खाडिलकरांचे ‘कीचकवध’ पाहायला मिळण्याचा संभव थोडा. पण सैरंध्री आणि भीम त्याच्या कानावर येतात ते पंडवानीतून. भिलाईजवळच्या गनियारीत १९५६ मध्ये जन्मलेल्या आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाईंनी ही कला जगभर नेली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. बसून गाण्याच्या वेदमती शैलीऐवजी त्यांनी उभ्याने सादर करायची कापालिक शैली स्वीकारली, आणि स्त्रीने असे उभे राहू नये ही रूढी मोडल्याबद्दल समाजाचा रोषही सोसला.

पंडवानीचा नायक भीम आहे, आणि कीचकवध हे तिचे आवडते आख्यान. तंबुरा हातात घेऊन उभी असलेली एकच गायिका सैरंध्री होते, कीचक होते. तंबुरा खांद्यावर गेला की गदा होतो. खाडिलकरांना दोन नटांवर वाटून द्यावा लागला तो कट येथे एका देहात वसतो. मग साक्षीदार कोठे गेला? तो गायिकेच्या मागे बसलेला आहे. पंडवानीत रागी नावाचा साथीदार असतो. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, पुढे काय झाले म्हणून छेडतो. त्याला उत्तर देताना गायिका क्षणभर सैरंध्री राहत नाही, ती पुन्हा स्वतः होते आणि मग पुन्हा सोंगात शिरते. शतकानुशतकांच्या लोकपरंपरेने ही व्यवस्था केवळ रंजकतेसाठी ठेवली असेल असे वाटत नाही. दुसऱ्याचे रूप घेणाऱ्याला परत बोलावणारा आवाज हवा, हे शहाणपण तिच्यात आहे.

एंटरप्राइझवरील दोघे, विराटनगरीच्या पाकशाळेतील दोघे, खाडिलकर आणि त्यांचा प्रेक्षक, गायिका आणि रागी, या सर्व जोड्या एकच गोष्ट सांगतात. खोटा होकार हा दुबळ्यांचे शस्त्र आहे, पण ते दुधारी आहे. साक्षीदार नसेल तर ते धरणाऱ्याचाच हात कापते. कंक काही भित्रा नव्हता, तो धर्मराज होता. तरी त्या सभेत त्याच्यात आणि विराटाच्या इतर सभासदांत काय फरक होता, हे सांगायला व्यासांना एक झाड आणि सरपणाविषयीचे एक वाक्य लागले. तेवढे वाक्य ऐकणारा बल्लव तेथे नसता, तर कंक हा केवळ राजाशी द्यूत खेळणारा एक ब्राह्मण उरला असता.